आडोशाचं दार

“आणि हे दार जानेवारीत उघडणार कोण?”

व्हिडिओ कॉलवर इंग्रिडबाईंनी असं विचारलं आणि मी चक्क हसले. म्हटलं, बाई गंमत करतायत. बाई गंमत करत नव्हत्या.

मी आर्किटेक्ट. मूळची नागपूरची, गेली सहा वर्षं आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या एका छोट्या ऑफिसात. काम होतं नॉर्वेतल्या एका स्की-केंद्राचं. बर्फात खेळून गारठलेल्या लोकांना ऊब मिळावी म्हणून डोंगरावर एक निवारा. आत लाकडाची शेगडी, भिंतींना लागून बाक, भिजलेले हातमोजे वाळवायला दांड्या आणि घसरायच्या उताराकडे एक मोठी काच. माझ्या एकटीच्या नावावरचं पहिलं काम. ड्रॉइंग्ज शुक्रवारी फॅक्टरीत जायची होती, तिथे लाकडी पॅनेल कापली जाणार होती. हा कॉल बुधवारचा.

इंग्रिडबाई जुना निवारा वीस-बावीस वर्षं सांभाळतायत. आधीच्या एकाही कॉलवर त्या नव्हत्या. त्यांच्या साहेबांनी बोलावलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

“दार वाऱ्याच्या बरोब्बर मागे आहे,” मी अभिमानानं सांगितलं. “आडोशाला. गार वारा आत घुसणार नाही.”

“बर्फ तिथेच साचतो,” त्या म्हणाल्या. “जुन्याचं दारही तिकडेच आहे. एकदा वादळात आम्ही चौदा जण आत अडकलो. त्यात नऊ मुलं. दार आत ओढून उघडलं तर समोर बर्फाची भिंत. लाकडं संपली तेव्हा बाक तोडून जाळले.”

शेजारी बसलेल्या डेक्लननं, माझ्या बॉसनं, हातातलं पेन खाली ठेवलं.

ही चूक आयर्लंडमध्ये काम करणाराच करू जाणे. इथे बर्फ पडतो तो फोटो काढण्यापुरता. खरा वैरी म्हणजे पश्चिमेचा वारा आणि त्याच्याबरोबर येणारा आडवा पाऊस. मी इथे आले तेव्हा डेक्लननं शिकवलेली पहिली गोष्ट हीच, की इमारतीची पाठ वाऱ्याला आणि दार आडोशाला. पाऊस भिंतीवर आपटतो आणि ओघळून जातो. बर्फ तसा नसतो, तो वाऱ्यावर उडत येतो. इमारतीच्या मागे वाऱ्याचा जोर मोडला की सगळं ओझं तिथेच टाकून देतो. म्हणजे मी ढिगाऱ्याची जागा हेरून नेमकं तिथे दार ठेवलं होतं. वर्षानुवर्षं हेच करत आल्यामुळे मनात शंकासुद्धा आली नाही, याचा मला भयंकर राग आला.

“दार दुसऱ्या भिंतीत घेऊ,” मी म्हटलं.

“एका भिंतीत शेगडीचं धुराडं, एकीत काच, एकीत बाकांचे आधार,” डेक्लन म्हणाला. “सगळी पॅनेल बदलणार. शुक्रवार चुकला तर फॅक्टरी पुढच्या वर्षीचा नंबर देईल.”

म्हणजे आणखी एक हिवाळा त्या जुन्या दाराआड. पुन्हा मुलं, पुन्हा वादळ.

संध्याकाळी घरी पुठ्ठ्याचं मॉडेल घेऊन आले. किचनच्या टेबलावर ठेवलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी घेऊन जेमतेम तीन दिवस वापरलेला टेबल फॅन लावला. कपाटातून, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमधून, बारीक रव्याचा डबा काढला आणि फॅनसमोर चमच्यानं रवा सोडायला लागले. पाच मिनिटांत दारापुढे टुमदार ढीग. मी पुठ्ठा कापून दार इकडे लावलं, तिकडे लावलं. कधी ढीग नडला, कधी धुराडं.

नागपूरहून आलेली आई दारात उभी राहून बघत होती.

“काऊन वं, शिऱ्याचा रवा काहाले उडवून राहिली?”

“ऑफिसचं काम आहे, आई.”

“मोठं शहाणं ऑफिस आहे! उचल ते खोकं, मले टेबल पुसू दे.”

मी जागची हलले नाही, तेव्हा तिनंच मॉडेल उचललं, खालचा रवा फडक्यानं गोळा केला आणि मॉडेल परत ठेवलं. आडवं. फॅन चालूच होता. मी वैतागून आणखी दोन चमचे सोडले. रवा दाराच्या भिंतीला घासून सरळ पुढे निघून गेला. लांब भिंतीमागे डोंगर झाला आणि दारापुढे टेबल स्वच्छ.

“आई, हात लावू नकोस!” मी ओरडले.

“आता मी काय केलं वं?”

दार हलवायचंच नव्हतं. अख्खी इमारत पाव वळसा फिरवायची होती! पॅनेल तीच राहणार. फक्त जमिनीतले खांब वेगळ्या दिशेनं बसवायचे, आणि त्यांचे खड्डे अजून खणलेच नव्हते.

रव्यावर भरवसा ठेवून कुणी इमारत बांधत नाही. गुरुवारी सकाळी पुन्हा कॉल लावला, आणि या वेळी आधी इंग्रिडबाईंना. त्यांनी फिरवलेलं ड्रॉइंग स्क्रीनवर मोठं करून बघितलं.

“आमची बर्फ दाबायच्या मशीनची शेड अशीच आहे,” त्या म्हणाल्या. “तिच्या दारापुढे मी कधी फावडं मारलेलं नाही.”

“पण मग काच उताराकडे राहत नाही,” मी चाचरत म्हटलं. “झाडांकडे जाते.”

“उतार बघायला लोक बाहेर असतात. आत आले की त्यांना शेगडी बघायची असते.”

लांब भिंत आता वाऱ्याला तोंड देणार होती. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनियरनं हिशोब करून तिच्या आत दोन तिरके आधार वाढवले. फॅक्टरी तेवढ्याला तयार झाली. शुक्रवारी चारला ड्रॉइंग्ज गेली. डेक्लन म्हणाला, “ग्रँड.” इथे याहून मोठी शाबासकी मिळत नाही. माझा जीव भांड्यात पडला होता, पण अर्धाच. हिवाळा अजून यायचा होता.

निवारा उन्हाळ्यात उभा राहिला. जानेवारीत तिकडे मोठं वादळ झालं. बातमी वाचल्यापासून मी दर दहा मिनिटांनी ईमेल बघत होते, एका मीटिंगमध्ये तर टेबलाखाली. दुसऱ्या दिवशी इंग्रिडबाईंची ईमेल आली, मोजून तीन वाक्यांची. काल वादळात एकोणीस जण आत होते. वारा पडल्यावर दार उघडून सगळे घरी गेले. हातमोज्यांच्या दांड्या कमी पडतात.

मी डेस्कपाशी बसून रडले, अगदी न लाजता. मग डोळे पुसून दांड्यांचं ड्रॉइंग काढायला घेतलं. आता नवीन काम आलं की मी क्लायंटला सगळ्यात आधी विचारते की तुमच्याकडे फावडं कोण मारतं, आणि पहिला फोन त्या माणसाला करते.