लढाईत आमच्या गावातली एक गेली

तवा आमी होतो ते असे: सासरा, सासू, माझा नवरा, धाकटा दीर, त्याची बायको म्हणजे माझी जाऊ, मी, आणि माझी पोर, चार वर्षांची. सात जणांनी मिळून चर खणला. पोरीला पण धरते मी. तिनं तिच्या करवंटीनं माती उपसली होती.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेले. मी बोलते, सून लिवून घेते. चुकलं तर माझं.

एकाहत्तरची लढाई. आमचं गाव पाम गावाच्या बाजूला, तारापूरला अणूचा प्लँट नवीनच झालेला. सगळे बोलायचे, विमान आलं तर आधी तिथंच येणार. तालुक्यावरून माणूस आला, बोलला, काचांना काळा कागद लावा, दिवे झाका, घरामागं छातीएवढा खंदक खणा, भोंगा वाजला की आत बसा. काचा आमच्या घराला नव्हत्याच. कारवीच्या काड्यांचा कूड, त्याला कसला कागद लावणार? सासरा त्याला बोलला, "साहेब, आमच्या या घरावर बॉम टाकायला त्याला काय येड लागलंय? त्याचा बॉम महाग पडंल." पण खणला आमी. सरकारचा माणूस सांगतो म्हटल्यावर खणायचा.

कमरेएवढं खोल गेलो तशी पिवळी माती लागली. चिकण, एक खडा नाय त्यात. सासूनं मूठभर उचलली, दाबून बघितली नि बोलली, "अगं, असली माती मी लग्नानंतर पैल्यांदा बघते." भात कापून झालेलं, झोडणी तोंडावर आलेली. खळं करायला अशीच माती लागते, नायतर भाताबरोबर खडे येतात. पैली टोपली मी उचलली. हे मी ठासून सांगते, पैली टोपली माझी. खळं केलं, चोपलं, सारवलं. मग जावेनं चुलीला नेली, कूड लिंपायला नेली. शेजारणी आल्या, "वैनी, दोन टोपल्या नेऊ का?" ने म्हटलं. चराच्या काठावरचा ढीग आठ दिवसांत साफ. सासू बोलली, "विमान येवो नायतर न येवो, खळं तर झकास झालं."

भोंगा दोनदा वाजला. आमी सगळी चरात उतरलो. जाऊ सासूला बोलली, "आई, तुमाला टोपलीत बसवून उतरवायचं का?" सासू बोलली, "तूच बस टोपलीत, तुझं वजन जास्त." हसलो आमी. पोरीला चर लई आवडला. तिथंच तिची भातुकली, तिथंच झोप. विमान कोणी बघितलं नाय. एकदा आवाज आला तो ट्रकचा होता, मी स्वता बाहेर जाऊन बघितला.

मग लढाई जिंकली. पेढे वाटले. तालुक्याचा माणूस परत आला, बोलला, आता खंदक बुजवून टाका. बुजवायचा कशानं? माती खळ्यात, चुलीत, चार घरांच्या कुडात. नवरा बोलला, "पावसाच्या आधी ओढ्यावरची आणून टाकतो." राहिलं ते राहिलंच. मी पण मागं लागले नाय. चरात पालापाचोळा टाकत होतो, खत होईल म्हणून.

आषाढात चर काठोकाठ भरला. वर हिरवं शेवाळ आलं, बाजूला गवत वाढलं. जमीन कुठं संपते नि पाणी कुठं लागतं, मोठ्या माणसाला पण कळलं नसतं. आमी सगळी लावणीला शेतात. पोर सासूजवळ घरी, पाच वर्षांची झाली होती. सासू भाकऱ्या थापत होती. पोर मागच्या दारानं गेली, तिच्या भातुकलीच्या जागेवर गेली.

सासरा आमच्या आधी घरी पोचला, त्यानं काढली वर. मी शेतातून आले तवा अंगणात निजवलेली होती. हातात काय नव्हतं तिच्या. तोंडावर शेवाळ होतं, ते मी पुसलं.

उपटलेल्या रोपाच्या जुड्या पाण्यात पडून होत्या. रोप थांबत नाय. तिसऱ्या दिवशी मी लावणीला गेले. लोक बोलले, हिचं काळीज दगडाचं. असंल.

लावणी संपल्यावर मी कुदळ घेतली नि खळं खणून काढलं. भर पावसात चिखल झालेली माती टोपलीनं चरात टाकली. नवरा आला, त्यानं पण टोपली घेतली. माती पुरली नाय. उरलेलं ओढ्यावरून आणलं. सासू त्यानंतर पाच वर्षं जगली. तिला मी त्यावरून कधी एक शब्द बोलले नाय. तिनं पण मला मातीचं काय विचारलं नाय.

पंचवीस वर्षं झाली. मागनं झालेल्या पोराचं लग्न झालं, सून आली. बोईसरला कारखाने आले, गावातली पोरं पाळीला जायला लागली. शाळेत लढाईचा कार्यक्रम ठरला. एक गुरुजी, घाटावरचे, चांगला माणूस, वही घेऊन घरोघरी फिरले, जुन्या आठवणी सांगा म्हणून. देवळापुढं म्हातारे जमले. लढाई दर वर्षाला वाढत गेली होती. आधी आवाज आलेला, मग विमान दिसलेलं, आता तर एक जण बोलला, विमान दर्यात पडलं नि पायलटची टोपी वाहून आली. नवरा माझ्या कानात बोलला, "टोपी याच्याच डोक्यावर हाय बघ."

गुरुजींनी विचारलं, "गावातलं कोणी गेलं का युद्धात?"

एक म्हातारा बोलला, "नाय. देवाच्या दयेनं कोणाला खरचटलं पण नाय."

मी बोलले, "एक गेली."

नवरा बोलला, "राहू दे ना आता." मी पोरीचं सगळं सांगितलं. गुरुजी हळूच बोलले, "मावशी, पण ते युद्ध संपल्यावर ना? पावसाळ्यात?"

"चर काय पावसासाठी खणला होता, गुरुजी?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "बुजवला का नाही कोणी?"

आता तिथं बसले होते त्यातल्या तिघांच्या घरच्यांनी माती नेलेली. कोण बोलणार? माझी पोर लढाईत धरायची तर मला माझं पण सांगायला लागणार होतं. मी बोलले, "माती उरली नव्हती. पैली टोपली मी नेली. खळ्याला." जाऊ मागून बोलली, "मी पण नेली. दहा-बारा." मग एक म्हातारा जमिनीकडं बघत बोलला, "आमच्या कुडाला होती." गुरुजींनी सगळं लिवून घेतलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी लुगडं बदलून जाऊन पुढं बसले. पोरांनी विमान केलेलं पुठ्ठ्याचं. टोपी पण होती. गुरुजींनी वाचलं, आणि शेवटी वाचलं की गावात जीवितहानी झाली नाही. मी सुनेला विचारलं, म्हणजे काय? ती बोलली, कोण मेलं नाय असं.

नंतर गुरुजी स्वता जवळ आले. बोलले, "मावशी, मी लिहिलं होतं. आनंदाचा दिवस, लहान मुलं समोर, आणि नियमाप्रमाणे तो अपघात धरतात, म्हणून वरून काढायला लावलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीच त्यांना बोलले, जाऊ द्या, जेवून घ्या.

ते वाचलेलं आता शाळेत वहीत हाय. जे लढाईचं शिकतात ते तेच वाचतात. मी शाळेला दोष देत नाय. जे लढले ते लढले, त्यांचं मोठंच हाय. पण भोंगा, कागद, पेढे सगळं मोजता, तर ती पण मोजायला पायजे.

नवरा गेला, जाऊ गेली. सांगणारी मी एकटी उरले. तुमी हे वाचताय तर एवढं करा. कुठं लिवलेलं दिसलं की या बाजूला लढाईत कोण मेलं नाय, तर पेन घ्या नि बाजूला लिवा: एक. मुलगी, वय वर्षं पाच. नाव नको, ते माझ्यापाशी राहू दे.