एका बोटानं फिरणारी गाडी

साडूनं मला फसवलं, हे मी सहा महिने अख्ख्या कुरुंदा गावाला सांगत होतो. सांगायचं राहिलं होतं ते फक्त साडूला.

साडू म्हणजे दिगंबरराव, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हिंगोलीत राहतात. त्यांची जुनी मोटार मी तीन दिवस घासाघीस करून घेतली होती. "पॉवर स्टिअरिंग हाय, एका बोटानं फिरतं," म्हणाले होते. दोन वर्षांत दोन्ही हातांनी फिरेना! वळणावर गाडी अशी कण्हायची, की आत कुणी अडलेली बाई आहे का म्हणून लोक डोकावायचे. हिंगोलीच्या बाजारात तर चाक ओढायला बायकोलाही हात लावावा लागला. (तिच्याच नात्यातली गाडी, ओढू दे की!)

गॅरेजातला मिस्त्री म्हणाला, पंप बदलावा लागेल. मी तिथंच साडूंना बोलावून घेतलं. पंप त्यांच्याच पैशानं बसवायचा होता, तोही बायकोसमोर. कारण ती कायम दाजींच्या बाजूनं!

"दोष दाजींचा निघाला तर मी तोंड उघडणार न्हाई," ती दाजींसमोरच म्हणाली. "तुमचा निघाला तर इथंच त्यांच्या पाया पडायचं."

"पाया काहून? लोटांगण घालतो!"

मिस्त्रीनं पंप खोलला. हुंगला. पुन्हा हुंगला.

"शेठ, इसमें भजे तले क्या?"

गॅरेजभर करडईच्या तेलाचा वास! वर्षापूर्वी स्टिअरिंगचं तेल कमी झालं होतं. दुकानदारानं इवल्याशा बाटलीचा भाव सांगितला आणि माझं डोकं फिरलं. शून्यातून तेलाचा घाणा उभा केलेला माणूस मी, मला हा तेल विकणार? घरी आलो आणि घाण्याचंच ओतलं. ताजं, दोनदा गाळलेलं! (गिऱ्हाइकाला एकदाच गाळून देतो.)

"करडईचं तेल? गाडीत?" बायकोची मान हळूहळू माझ्याकडे वळू लागली.

"म्याच टाकलं होतं," दिगंबरराव म्हणाले. "विकायच्या आधी. चुकलं माझं."

"दाजी, तुमी?" एवढंच म्हणून तिनं शब्द पाळला. तोंड मिटलं आणि रागारागानं समोरच्या हॉटेलात चहा सांगायला गेली.

मी साडूंना गाडीआड ओढलं.

"खोटं काहून बोललात?"

"ह्या खालच्या ग्रीसमध्ये तुमी लोटांगण घालणार, पाव्हणं. धोतर धुणार माझी मेहुणीच ना?"

ज्या माणसाला मी गावभर लबाड ठरवलं, त्यानं माझी अब्रू झाकली! नव्या पंपाचे पैसे मी मुकाट्यानं दिले. (दाजींना मोठ्या मनानं माफ केलं म्हणून बायकोनं कौतुक केलं ते माझंच!)

निघताना मी साडूंचे दोन्ही हात धरले.

"दिगंबरराव, तुमचे उपकार कसे फेडू? काय घ्याल ते सांगा."

"काहीच नको, पाव्हणं."

डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं. पण जन्माची सवय! तोंडातून निघून गेलं,

"जरा कमी करा की!"