काळजाला बर्फ

आमच्या मुलीच्या हृदयात जन्मापासून दोष होता. रडली, पळाली की ओठ निळे पडायचे. त्यात सर्दी झाली की थेट छातीत उतरायची. म्हणून पाच वर्षं मी तिला गार काही लागू दिलं नाही. दही नाही, माठातलं पाणी नाही, आणि बीडच्या स्टँडवरच्या बर्फाच्या गोळ्याकडे तर बघायचंही नाही. अंगणवाडीत मी दुसऱ्यांच्या पोरांशी गोड बोलते. घरी माझा धाक होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. ऑपरेशन चालेल तेवढा वेळ रक्त फिरवायचं काम मशीन करणार, हृदय थांबवून त्यात बर्फासारखं गार औषध सोडणार, असं त्यांनी सांगितलं.

मेंढरं राखणाऱ्या माझ्या नवऱ्यानं सहीचा पेन खाली ठेवला. "बाई, पाच वरीस आमी हिला घोंगडीत गुंडाळून ठिवली, आन् तुमी काळजालाच थंडी लावता?"

मी यांच्यावर डोळे वटारले. खरं तर माझ्याही मनात तेच होतं.

बाई हसल्या नाहीत. "थांबलेल्या, गार हृदयाची भूक अगदी कमी होते. म्हणून तेवढा वेळ रक्त मिळालं नाही तरी त्याचा स्नायू तग धरतो. काम झालं की गरम रक्त सोडू, मग ते पुन्हा चालू होईल."

"आन् न्हाई झालं तर?"

"बहुतेक वेळा होतं. नाही झालं, तर आम्ही आहोतच तिथे."

यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या दाराबाहेर घोंगडी मांडीवर घेऊन बसले. घामानं नुसते निथळत होते.

"आवो, ती तरी बाजूला ठिवा," मी खेकसले.

"ऱ्हाऊ दे."

दुपारी बाई बाहेर आल्या. "गरम रक्त गेलं आणि ठोके सुरू झाले."

यांनी उठून घोंगडी पुढे केली. "मंग आता ही पांघरा तिला." बाई मोठ्यानं हसल्या. मी हसत होते आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

काही महिन्यांनी तपासणीहून परतताना पोरीनं स्टँडवर गोळ्याच्या गाडीकडे बोट दाखवलं. "मुळीच नाही," मी सवयीनं ओरडले.

"काळजाला बर्फ चालला, मंग जिभेला कावून न्हाई?" हे म्हणाले आणि काला खट्टा घेऊन आले.

पोरगी गोळा चोखत स्टँडभर पळाली. परत आली तेव्हा तिचे ओठ निळे-जांभळे होते. तिला ओढून मी पदरानं ओठ खसाखसा पुसले.

"आई, दुखतंय ना!"

रंग पदराला लागला. खाली ओठ गुलाबी होते. मी तिचे पटापट मुके घेतले आणि तिच्या हातातला उरलेला गोळा मीच खाऊन टाकला.