बुटक्या तामणीची पैज

पूजाला आईकडून दोन गोष्टी मिळाल्या, बारीक लांब बोटं आणि धाकटी बहीण. बोटं जन्मतःच मिळाली. बहीण मिळाली ती आई गेली त्या दिवशी. भूमिका तेव्हा चार वर्षांची होती आणि पूजा बारावीचे पेपर देऊन नुकतीच मोकळी झाली होती. नर्सिंगला जायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं, मैत्रिणींना सांगूनही झालं होतं. दिवसकार्य उरकलं आणि बापानं, धाऊनं, ओटीवर बसून एवढंच विचारलं, "आता घर कोण बघंल?" त्यानं ते पूजाकडे न बघता विचारलं. तिनंच बघायचं, हे ठरलेलं होतं.

किन्हवलीकडच्या त्यांच्या गावात भात पेरायच्या आधी जमीन भाजतात. हिवाळ्यात ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या उतरवायच्या, वाळवायच्या आणि उन्हाळ्यात शेण-पाल्याबरोबर शेताच्या एका तुकड्यावर पसरून पेटवून द्यायच्या. हा राब. त्या साली धाऊनं राबावर पूजाची पुस्तकं टाकली. घरात जागा अडवतात, म्हणाला. बारावीचा निकाल लागला तेव्हा पुस्तकांची राख मातीत मिसळून महिना झाला होता. त्या वर्षी रोपं किती जोमदार उठली, हे धाऊ अजून रंगवून सांगतो. "इंग्लिश खाल्लेला भात होता तो!" ऐकणारे हसतात. पूजा त्यांच्यापुढे चहा आणून ठेवते.

पूजाला स्थळं आली नाहीत असं नाही. मुरबाडकडचं एक तर चांगलं होतं, मुलगा कारखान्यात कायम होता आणि दोनदा विचारून गेला. धाऊ दर वेळी म्हणे, पुढल्या साली बघू, भूमी लहान आहे. पुढलं साल दर साली येत गेलं. मग स्थळं यायची थांबली आणि कुणाला त्याची फारशी चुटपुटही लागली नाही. पूजा आता बत्तीस वर्षांची आहे. गावात तिला चांगली म्हणतात. ज्या बाईकडून कुणाला काहीच त्रास नसतो, तिला चांगली म्हणायला कुणाचं काय जातं?

पाच वर्षांपूर्वी शहापूरच्या बाजारात रोपवाल्याकडे तिनं एक झाड बघितलं. गुडघ्याएवढं, अंगभर गुलाबी फुलांचे घोस, पाकळ्या अशा चुरगळलेल्या की कुणी मुठीत धरून सोडल्यात. रोपवाला म्हणाला, "आपल्या तामणीच्याच जातीतली आहे ताई, पण बुटकी. कमरेच्या वर जायची नाय. अंगण लहान असलं तरी चालंल, फक्त ऊन भरपूर द्या आणि मुळाशी पाणी साचू देऊ नका." लहान अंगणात चालेल, हे वाक्य पूजाला आवडलं. तिनं झाड घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून आणलं.

अंगण म्हणजे घर आणि रस्ता यांच्यात उरलेली पट्टी. एका कडेला तुळस, दुसऱ्या कडेला धुण्याचा दगड. मधे ऊन पडतं तिथं तिनं खड्डा खणला, तळाशी खडी घातली, वर शेणखत आणि माती. त्या पावसाळ्यात झाड असं फुललं की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. घरात तिच्या नावावर म्हणावं असं ते पहिलंच काहीतरी होतं.

हिवाळ्यात पानं गळली. धाऊ राबासाठी फांद्या उतरवायला निघाला होता, जाता जाता त्यानं कोयता फिरवला आणि तामण घोट्याएवढी केली. "चार काड्या तेवढ्याच," म्हणाला. पूजा न्हाणीत जाऊन रडली. पण आषाढात त्या खुंटातून नवे फोक उठले आणि झाड पहिल्यापेक्षा जास्त फुललं. मग काय, धाऊच्या हातात कोलीतच मिळालं. येईल जाईल त्याला अंगणात उभा करून सांगायचा, "बघ. तोडल्याबिगर झाड फुलत नाय. पोरीबाळींचं पण तसंच. मोकळं सोडलं की नुसतीच वाढतात." दर हिवाळ्यात तो तोडायचा, दर पावसाळ्यात झाड फुलायचं, आणि दर फुलोऱ्याला धाऊ खरा ठरायचा.

भूमिका बारावीला आली. तिलाही नर्सिंगलाच जायचं होतं. हे वेड तिच्या डोक्यात भरवलं होतं पूजानंच, भाकऱ्या थापता थापता, वर्षानुवर्षं. पौष महिन्यात एका सकाळी धाऊ कोयता घेऊन अंगणात उतरला तशी भूमिका झाडापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, यंदा नका तोडू. न तोडता पण फुलंल ते."

शेजारचा नवसू कुंपणापाशी मिसरी लावत उभा होता. धाऊला ऐकणारा माणूस मिळाला की तो खुलायचा.

"आणि नाय फुललं तर?"

"फुलंल."

"बरं. गोकुळाष्टमीपर्यंत ह्याला एक फूल जरी आलं, तरी तू जा नर्सिंगला. मी अडवनार नाय. नाय आलं, तर नवसूच्या साईनाथला हो म्हनायचं. मग रडायचं नाय. काय रे नवसू, ऐकलंस ना?"

नवसू मिसरी थुंकून हसला. साईनाथ टेम्पो चालवायचा. वाईट मुलगा नव्हता, पण भूमिकाला नको होता. तरी तिनं मान डोलावली. पोरीच्या पुढच्या आयुष्याची पैज एका बोटभर काडीवर लावताना बापाला काही वाटलं नाही. त्यानं कोयता कमरेला अडकवला आणि रानाकडे गेला. शब्दाचा मात्र पक्का. त्या हिवाळ्यात त्यानं झाडाला हात लावला नाही.

पूजानं जीव लावून ते झाड जपलं. उन्हाळाभर भांडी धुतलेलं पाणी गाळून घातलं. शेळ्यांसाठी भोवती काटेरी फांद्या रोवल्या. भूमिका बारावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. पाऊस सुरू झाला, फांद्यांना लालसर पालवी फुटली आणि आषाढ लागता लागता शेंड्यांवर कळ्या दिसू लागल्या, वाटाण्याएवढ्या, गोल, हिरव्या. भूमिकानं पूजाला कमरेला धरून अंगणात गरगर फिरवलं. पूजाही हसली. त्या दिवशी तिच्या मनात काहीही काळं नव्हतं, हे सांगायलाच हवं.

दोन दिवसांनी भूमिका अंगणात फोनवर बोलत होती. कल्याणच्या नर्सिंग कॉलेजात फॉर्म भरायला गेली तेव्हा ओळख झालेली कुणी मुलगी असावी. पूजा दगडावर कपडे घासत होती. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं आणि भूमिका म्हणाली, "ताई? काय नाय करत. घरीच असते."

एवढंच. कुत्सितपणे नाही, सहज. दार निळं आहे म्हणावं, तसं. मग ती खिदळत दुसरंच बोलायला लागली, हॉस्टेल, पांढरा ड्रेस, लोकलचा पास.

पूजानं कपडे पिळले, वाळत टाकले. झाडापाशी आली. एक शेंडा बोटांत धरला आणि अंगठ्याचं नख दाबलं. टच्. पावसाळ्यात टाकळ्याची भाजी खुडताना होतो तसा आवाज. कळ्यांचा झुबका तळहातावर आला. तिनं तो बादलीत टाकला आणि मोरीत ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चूल पेटवायच्या आधी तिनं उरलेले खुडले. तिला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला हवं, हे मात्र कळत होतं. तिच्या आत चौदा वर्षं काहीतरी मुकाट बसलं होतं आणि ते आता एकदम उठून कामाला लागलं होतं.

पण झाडाची जात चिवट. खुडलेल्या प्रत्येक शेंड्याखाली दोन नवे फुटवे आले आणि त्यांच्या टोकांना पुन्हा कळ्या धरू लागल्या. पूजा ते खुडायची. एकाचे दोन, दोनाचे चार. भाजी निवडावी तशी ती पहाटेच्या अर्धवट उजेडात झाड निवडायची, पानांच्या खालूनसुद्धा.

भूमिका वेडीपिशी झाली. आलेल्या कळ्या जातात कुठे? आधी तिनं अळीवर संशय घेतला. कडुनिंबाचा पाला उकळून फवारला, त्याचं भांडं पूजानंच धरलं. मग संशय बापावर गेला.

"ताई, बाबांचा काय भरवसा नाय. मी कॉलेजच्या कामाला गेले ना, की तू लक्ष ठेव हां. तुझ्याशिवाय कोन हाय मला?"

"ठेवते," पूजा म्हणाली.

एकदा तिनं दोन दिवस हात आवरला. भूमिका तापानं फणफणली होती आणि ग्लानीत आईला नाही, ताईला हाका मारत होती. पूजा रात्रंदिवस उशाशी बसली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, मनाशी म्हणाली, जाऊ दे, फुलू दे, जाऊ दे पोरगी. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. भूमिका उठून बसली, पेज प्यायली आणि म्हणाली, "तिकडं गेल्यावर असं कोन बघंल गो माझ्याकडं? पन जायचंच. हितं राहून सडायचं नाय मला." पूजानं वाडगा विसळला आणि अंगणात गेली.

गोकुळाष्टमीला गावात गोविंदाचा गलका चालू होता. धाऊ नवसूला घेऊन अंगणात आला. झाड हिरवंगार, दाट, गोलमटोल झालं होतं आणि त्याच्यावर औषधालाही फूल नव्हतं. धाऊ उकिडवा बसला. राबाच्या फांद्या उतरवण्यात चाळीस वर्षं गेलेला माणूस तो. त्यानं पानं बाजूला केली, एक फांदी वाकवली, मग दुसरी. बराच वेळ बघत राहिला. पूजा ओटीवर उभी होती.

धाऊ उठला, गुडघे झटकले. "नाय," म्हणाला.

भूमिकानं रडायचं नाही असं कबूल केलं होतं. पुरुष गेल्यावर तिनं पूजाच्या मांडीत तोंड खुपसलं आणि तिचं सगळं अंग हुंदक्यांनी गदगदलं. पूजा तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. त्याच बोटांच्या नखांत हिरवट डाग होते. ते धुवायचे राहून गेले होते.

आता खुडायचं कारण उरलं नव्हतं. झाडाला मात्र पैज कुठे ठाऊक? नवरात्र आलं आणि एका सकाळी गाव बघत राहिलं. दीड महिना खुडून खुडून जिथं एक शेंडा होता तिथं आठ झाले होते, आणि आठही फुलले. पान दिसू नये इतकं गुलाबी. आधीच्या कुठल्याही साली असं आलं नव्हतं. लोक फोटो काढायला थांबले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भूमिकाचा साखरपुडा होता आणि पाहुण्यांत सगळीकडे बोलणं झाडाचंच, पोरीचं कुणी काढलं नाही.

भूमिका नवी साडी सावरत बाहेर आली. तिनं एक घोस तोडला, पूजाच्या अंबाड्यात खोवला. "माझं नशीबच उशिराचं," म्हणाली. "पन तू एवढं केलंस ह्या झाडाचं. तुलाच पयलं." तिचे डोळे भरले होते, तरी ती हसली आणि आत गेली.

पाहुणे पांगल्यावर धाऊ धुण्याच्या दगडावर येऊन बसला. पूजा पत्रावळ्या गोळा करत होती. त्यानं फुलांनी लवलेली एक फांदी उचलून धरली आणि जिथं एकाचे दोन फाटे फुटले होते त्या जागेवर बोट ठेवलं. तिथं बारीकशी सुकलेली गाठ होती.

"कोयत्याचा घाव असा नसतो. हे नखाचं काम."

पूजानं पुढली पत्रावळ उचलली.

"अष्टमीलाच बघितलं मी. तेव्हाच बोललो असतो तर पैज मोडली असती, पोरगी गेली असती. मी शब्द दिलेला, पाठवली असती खरंच. चादर-उशी पन आनून ठेवली होती तिच्यासाठी, माळ्यावर हाय बघ." तो हसला, आणि पूजाला आठवत होतं तेव्हापासून पहिल्यांदा तिच्याकडे मायेनं बघून हसला. "पन म्हटलं, घरातलंच मानूस करतंय, आपन कशाला आडवं जा? ही भूमी गेली आईवर. तू माझ्यावर गेलीस, पूजे."

तिला ओरडावंसं वाटलं. आतून भूमिकाचा आवाज येत होता, ती कुणाला तरी सांगत होती की माझी ताई होती म्हणून मी सहन केलं. पूजानं पत्रावळ्यांचा गठ्ठा छातीशी धरला.

धाऊनं कमरेचा कोयता काढून दगडावर ठेवला. "माझा खांदा आता दुखतो. औंदा राबाच्या फांद्या तूच उतरव. हात चांगला हाय तुझा."

तो उठून आत गेला. पूजा कोयत्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं पत्रावळ्या खाली ठेवल्या, कोयता उचलला आणि पात्यावरून अंगठा फिरवून बघितला. धार गेली होती. पाजवायला हवा, हे तिला लगेच कळलं.