ओळीनं नीट, तिरपं फाटलेलं

हे बायकोलाबी ठाव नाय. बाकी माझं सगळं तिला ठाव हाय — तिसरीत दोनदा बसलो, मग शाळेनंच हात जोडले, ते पण. पण हे नाय.

माझी लेक मंदा गणितातली डॉक्टर. इंजेक्शनवाली नाय. गावातल्या म्हाताऱ्या गुडघे दाखवायला घरी आल्या, तवा मलाच समजून सांगावं लागलं. आता, ज्याला पाढे येत नाय तो काय सांगणार? पण मला येतंय — हां. शेवंती तोडताना तिनंच वावर दाखवून सांगितलं. उभ्या ओळीनं बघितलं, नीट. आडव्या ओळीनं बघितलं, नीट. मग अख्खं वावर नीट का? मी म्हणलं, व्हय. "नाही अप्पा," म्हणली, "साध्या आकड्यांत तिरपं गेलं की फाटू शकतं. माझे आकडे कॉम्प्लेक्स, वेगळ्या जातीचे. तिथं प्रत्येक ओळ नीट निघाली की अख्खं वावर, आम्ही त्याला फंक्शन म्हणतो, नीटच. मधे भेग नाही ना, हे वेगळं तपासायलाच नको."

हे जुन्या लोकांनी शोधलेलं. माझ्या लेकीनं पुढचं केलं — थोड्याच ओळी तपासून भागतं का, ते. आमच्या सिन्नरच्या वावरातली पोर!

तर तिची शेवटची तोंडी परीक्षा नाशकात, एका कॉलेजात. आई-बापांना पुढं बसवतात म्हणे. बायको गुडघ्यामुळं घरीच. मी नवा शर्ट, डोक्यावर शेवंतीची पाटी. दारात कोटवाले सर. लय आदरानं विचारलं, आपण कोण?

आत मंदा फळ्याकडं तोंड करून लिहीत होती. पुढच्या रांगेत एकच खुर्ची रिकामी.

काय झालं मला? बाप म्हणलं असतं तर त्यांनी काय पाढे विचारले असते?

"फुलं द्यायला आलोय, साहेब."

त्यांनी पाटी घेतली. झालं — मी बाहेर.

व्हरांड्यात खिडकीखाली बसून सगळं ऐकलं. एक अक्षर कळलं नाय, पण तिचा आवाज कुठं अडला नाय. टाळ्या वाजल्या, मी पण वाजवल्या — एकटाच, भिंतीकडं बघून. शिपाई बघत होता. मग खाली येऊन मंदाला फोन केला. बाई, टेम्पो शिंद्याच्या टोलनाक्यापाशी बंद पडला, फुलं दुसऱ्याकडं धाडली.

"असू द्या अप्पा," म्हणली. "फुलं पोचली. खुर्ची शेवटपर्यंत ठेवली होती तुमची."

घरी मी बाप, बाजारात फुलवाला. दोन्ही ओळीत नीट माणूस — कोणालाबी विचारा. त्या दारात दोन्ही एका जागी आलं, आन् फाटलो. मी साध्या आकड्यातला.

ती नाय. तिला उभी तपासा, आडवी तपासा, तिरपी तपासा. कुठंच भेग नाय.