विहिरीतला लाल थर

मागच्या शनिवारी शिंदखेड्याजवळ एका अर्ध्या खणलेल्या विहिरीत मी सहा मुलींना घेऊन उतरले होते. सगळ्या सुखरूप वर आलो... पण त्यात माझं काहीच कर्तृत्व नाही, म्हणून हे लिहितेय.

मी जळगावला कॉलेजात भूगोल शिकवते, राहते पिंप्राळ्यात. एफवायच्या वैशालीच्या शेतात पोकलेनने नवी विहीर खणणं चालू होतं. तिने फोटो पाठवला... वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मधे विटेसारखा लालभडक पट्टा. सात वर्षं हा पट्टा मी फळ्यावर लाल खडूने काढतेय, हाताने कधी चाचपला नव्हता. लगेच गाडी ठरवली.

पोकलेनसाठी केलेल्या उतारावरून आम्ही चालतच खाली गेलो. लाल थर बरोब्बर छातीच्या उंचीवर. मुली नखांनी खरवडत होत्या, बोटं लाल करून फोटो काढत होत्या. मी तर हरखूनच गेले होते... एकदा लाव्हा वाहिला, थंड होऊन दगड झाला. मग पुष्कळ काळ शांतता. ऊनपावसाने त्या दगडाची वरवर माती झाली. आणि एक दिवस पुन्हा लाव्हा आला, त्याच्याखाली ती माती भट्टीतल्यासारखी भाजून निघाली...

तेवढ्यात वरून हाक आली, "बाई, बठ्ठा वर या!"

विहिरीचं काम बघणारे रज्जाकभाऊ सगळ्यांनाच वर बोलावत होते. साठीचे असतील, आयुष्य विहिरी खणण्यात गेलेलं. मी खालूनच हात हलवला. "दोनच मिनिटं, भाऊ!"

ते स्वतःच खाली आले. काळा दगड संपून लाल माती सुरू होते त्या रेघेवर बोट टेकवलं आणि ओलं झालेलं बोट मला दाखवलं. "पानी झिरपी राहिनं. या लाल मातीना भरवसा नही शे." लगेच वैशालीचा हात धरून चालायला लागले. आम्ही मागोमाग. खरं सांगते, मला थोडा रागच आला होता. माझं सांगणं अर्धवट राहिलं होतं ना...

उताराच्या मध्यावर पोचलो आणि मागे खस्सकन आवाज झाला. लाल माती फसकन खाली बसली आणि तिच्यावरचा रिक्षाएवढा दगड, आम्ही जिथे उभ्या होतो तिथेच, येऊन पडला.

वैशाली रडायला लागली. वर येऊन मी बांधावर बसले. पाणी काळ्या दगडाच्या फटींतून उतरतं आणि लाल थरावर येऊन अडतं, हे मीच मुलींना नोट्समध्ये लिहून दिलंय. मग तो थर भिजणार, मऊ होणार, वरच्या दगडाचा आधार जाणार... इतकं साधं पुढचं वाक्य मला सात वर्षांत सुचलं नव्हतं.

मी रज्जाकभाऊंची माफी मागितली. त्यांनी नुसता चहाचा कप पुढे केला. थोड्या वेळाने मात्र विचारलं, खाली पोरींना काय सांगत होत्या? मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते ऐकत राहिले, चहा तसाच हातात.

"मंग बाई... आठे वावर व्हतं?"

शेत कुठलं भाऊ, म्हटलं, नुसती माती. पेरायला माणूसच नव्हता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. त्यांनी विहिरीकडे बघितलं. मग स्वतःशीच म्हणाले, "इतल्या विहिरी खंद्यात मी... कोनी सांगं नही."



काल दुपारी त्यांचा फोन आला. पडलेला दगड काढून काम पुढे गेलंय, काही फूट काळा दगड लागला आणि मग... "बाई, खाले आखो एक वावर लागनं!" मला ओरडावंसंच वाटलं. म्हणजे पुन्हा एकदा लाव्हा थांबला होता, पुन्हा माती झाली होती! "पोरीस्ले लई या," ते म्हणाले. "पन वरूनच दखाडा."

रविवारी जातोय. कुठे उभं राहायचं ते आधी भाऊ सांगतील... मग मी बोलेन.