झाकणाखालचा पुठ्ठा

देवाला हाक मारणाऱ्यांची मी पुष्कळ टवाळी केली आहे, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. नागपुरात पत्रकं लिहायचो, चौकात वाटायचो, अन्याय दिसेल तिथं भांडायचो. कन्हानपलीकडच्या खेड्यात धाकटी बहीण बाळंतपणात अडली, तेव्हाही मला आधी संतापच आला. गावच्या दवाखान्याला कुलूप होतं. त्या कुलपात देवाची काही इच्छा होती असं मी आजही मानत नाही. तो माणसांचा नालायकपणा होता. दाईनं स्पष्टच सांगितलं, "मूल आडवं आहे. दुपारच्या आत नागपूरले न्या, नाहीतर दोघंही हाती लागत नाही."

छापखानेवाल्या काकांची जुनी मोटार मी मागून आणली होती. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर बहिणीचं डोकं, पायाशी आईची पिशवी, तिच्यात दत्ताची पोथी. कन्हानचा पूल यायच्या आधीच बॉनेटमधून वाफ निघाली. इंजिनातलं तापलेलं पाणी जिथून रेडिएटरकडं जातं, तिथं थर्मोस्टॅटवर एक झाकण असतं. त्या झाकणाखालचं कागदाचं पॅकिंग कुजलं होतं आणि सांध्यातून पाणी गळत होतं. इंजिन निवायची वाट न बघता मी झाकण काढलं, हात भाजून घेतले, माझ्याच पत्रकांची चौपदरी घडी खाली घातली आणि जीव खाऊन बोल्ट आवळले. पाणी भरलं. आधी थेंब आले, मग धार. आणखी आवळलं, धार वाढली. मागं बहिणीचं कण्हणं बारीक होत चाललं होतं.

एक म्हातारा सायकलवरून उतरला. हँडलला हत्यारांची पिशवी होती. तो कामठीला ट्रक दुरुस्त करायचा.

"काहून एवढा जोर लावून राहिला गा? बोल्टाशी भांडण आहे का तुयं?"

"भांडाले वेळ नाही. आत बहीण मरून राहिली," मी खेकसलो.

"मंग तर हळूच करा लागते," तो म्हणाला.

त्यानं झाकण उतरवलं आणि सांध्याला चिकटलेला जुना कागद पात्यानं खरवडत बसला. कणन् कण. मला वाटलं, ढकलून द्यावं याला. मग त्यानं जाड कागद मागितला. माझ्याकडं पातळ पत्रकांशिवाय काही नव्हतं. आंघोळ केल्याशिवाय जी पोथी आई मला शिवू देत नव्हती, ती तिनं पिशवीतून काढली आणि वरचा पुठ्ठा स्वतःच्या हातानं फाडून पुढं केला. "घ्या भाऊ."

त्यानं तो झाकणावर ठेवला, कडेकडेनं हातोडीचे हलके ठोके दिले. झाकणाचाच आकार पुठ्ठ्यातून सुटून आला, त्यावरच्या कुंकवाच्या डागासकट. दोन्ही बाजूंना ग्रीस लावून त्यानं ते बसवलं. या बोल्टाला अर्धा फेरा, त्या बोल्टाला अर्धा. तो थांबला तसा मी पाना घेऊन आणखी आवळायला गेलो. त्यानं माझं मनगट धरलं.

"हात काढ. जास्त आवळलं का पुठ्ठा दबून फाटते."

"अन् गळलं तर?"

"आपलं काम झालं. आता त्याले करू दे."

मी हात काढला. आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हणालो, मला काही जमत नाही, तू बघ. पाणी भरलं, इंजिन सुरू झालं. मी सांध्याकडं बघत उभा राहिलो. एक थेंब नाही. त्या रणरणत्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. झाकण इंजिनाच्या धक्क्यानं थरथरत होतं आणि कोरडं होतं. नागपूरच्या दवाखान्यापर्यंत ते तसंच राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही नव्हतं. बहीण वाचली. मुलगी झाली.

आठवड्यानं मी म्हाताऱ्याला शोधत कामठीला गेलो. तो अवतार वगैरे नव्हता. ट्रकखाली आडवा पडून होता. त्यानं सांगितलं, घरी जायची त्याची वाट वेगळीच आहे. त्या दिवशी आपण पुलाकडं का वळलो, ते त्यालाही सांगता येईना. मी ते उकलायचा प्रयत्न केला नाही. अजूनही करत नाही. आपल्याकडून होईल तेवढं नीट करावं आणि मग हात काढून घ्यावा, एवढंच मला कळलं, आणि तेही रोज जमत नाही.

"पोरगी कशी आहे?" त्यानं विचारलं.

"दोघीही बऱ्या आहेत."

"चांगलं झालं," म्हणून तो पुन्हा ट्रकखाली सरकला. बाहेर त्याचे पाय तेवढे दिसत होते. मी वाकून त्यांना हात लावला, आणि ज्यानं त्याला त्या वाटेनं वळवलं त्यालाही तोच नमस्कार पोचला असं धरून चाललो.